व्हेरिकोज व्हेन्स: लेझर की ऑपरेशन? आधी पायाचा नकाशा काढा

चोपड्यात माझं मेडिकल आहे. काउंटरमागं बावीस वर्षं उभा राहिलो आणि त्याची पावती डाव्या पायावर फाटली: गुडघ्याच्या आतून पोटरीपर्यंत दोरखंडासारखी पिळलेली नस. मोठ्या भावाचं, दादाचंही तेच. तो केळीच्या बागेत राबला, मी दुकानात. त्याचं २०११ साली कापून ऑपरेशन झालं, माझं तीन वर्षांपूर्वी लेझरनं. एका घरात दोन्ही प्रकार झालेले, म्हणून गावात कुणाच्या नसा फुगल्या की तो आधी माझ्या काउंटरवर येतो, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करतो आणि विचारतो, "जिभाऊ, मना पाय भलता दुखस. लेझर करू का ऑपरेशन?"

मी उलट विचारतो, "डॉप्लर केली का? उभं करून केली का झोपवून?"

इथं बहुतेक जण गप्प होतात. 'लेझर' हा शब्द सगळ्यांना पाठ असतो, कारण तो फलकावर आणि मोबाइलवर रोज दिसतो. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, मात्र कुणी लक्षात ठेवत नाही, आणि निर्णय तर सगळा तिच्यावर असतो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पुढं लिहिलंय ते औषधं आणि पाय आवळून धरणारे मोजे विकताना, दोन पाय जवळून बघताना आणि वाचून कळलेलं आहे. तुमच्या पायाचं काय करायचं ते सर्जनच ठरवेल. त्याच्यासमोर बसताना तुम्ही कोरे नसावेत, एवढ्यासाठी हा लेख.

बिघाड नेमका कुठं असतो

ज्यानं विहिरीवर मोटार चालवली आहे त्याला हा आजार दोन मिनिटांत समजतो. सक्शन पाइपाच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तो गळायला लागला की मोटार बंद होताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायाच्या शिरांमध्ये अशा झडपा ठिकठिकाणी बसवलेल्या आहेत, आणि पोटरीचा स्नायू ही मोटार. चालताना तो आवळतो, रक्त वर ढकलतो. झडप गळकी झाली की रक्त खाली उतरून साचतं, शीर ताणते, ताणलेल्या शिरेत पुढची झडपही मिटेनाशी होते, आणि बघता बघता अख्खी ओळ बाद होते. तासन्‌तास एका जागी उभं राहणारा माणूस म्हणजे मोटार बंद ठेवून पाइप भरलेला ठेवणारा. सराफाचा सेल्समन, आचारी, शिक्षक, कटिंगवाला, पोलीस, दाल मिलमधला कामगार, सगळे त्यात आले. घराण्यात हा त्रास असणं, बाळंतपणं, वाढलेलं वजन, हेही हातभार लावतात.

पायातलं साधारण ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं. फुगतात त्या कातडीखालच्या वरवरच्या शिरा. त्यांतली मुख्य 'ग्रेट सॅफेनस': घोट्याच्या आतल्या बाजूनं निघते, मांडीच्या आतून चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. त्या संगमाला डॉक्टर एस.एफ.जे. म्हणतात. दुसरी 'स्मॉल सॅफेनस', पोटरीच्या मागून गुडघ्याच्या खोबणीत जाणारी. याशिवाय वरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा असतात, त्यांना परफोरेटर म्हणतात.

कापून करा नाहीतर लेझरनं करा, काम एकच आहे: गळकी लाइन बंद करायची. मग लोक विचारतात, "नसच बंद केली तर रक्त जाणार कुठून?" खोल शिरांतून. तिथूनच ते आधीही जात होतं, आणि आता खाली गळणारं ओझंही उतरतं. दादानं आणखी एक प्रश्न काढला होता, "उद्या हार्टची बायपास करायची वेळ आली तर पायाची नस लागते ना?" लागते. पण पिळून फुगलेली नस बायपासला बहुधा उपयोगाची राहिलेलीच नसते.

पहिली पायरी: तुमचा पाय किती पुढं गेलाय

डॉक्टरांच्या कागदावर 'सी' आणि पुढं आकडा दिसेल. सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेघा. सी-२ म्हणजे उठून दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा, सी-३ म्हणजे सूज. सी-४ ला कातडी बदलते: घोट्याच्या वर काळपट-तपकिरी डाग, खाज, इसब, पुढं कातडी लाकडासारखी कडक. सी-५ म्हणजे भरून आलेली जखम, सी-६ म्हणजे उघडी जखम.

सी-१ ला घाई नाही. मोठ्या शिरेत गळती नसेल तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. सी-२ ला त्रास होत असेल तर उपचार, नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. सी-४ पासून पुढं मात्र "आखाजी होऊ द्या, मग बघू" हे बंद करायचं. काळी पडलेली कातडी पुन्हा पूर्वीसारखी होईलच असं नाही, आणि तिथं खाजवताना झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ब्रिटनमध्ये 'एव्हरा' नावाची मोठी चाचणी झाली, २०१८ साली तिचे निष्कर्ष आले. अशा जखमेच्या ४५० रुग्णांपैकी ज्यांच्या गळक्या शिरेवर लवकर उपचार केला त्यांतल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली. आधी नुसत्या पट्ट्या बांधून उपचार पुढं ढकलला, त्यांतल्या निम्म्यांना ८२ दिवस लागले. 'आधी जखम भरू द्या, मग शिरेचं बघू' हा आपल्याकडं सर्रास मिळणारा सल्ला त्या चाचणीनं जुना ठरवला.

घोट्याजवळची प्रत्येक जखम शिरेचीच असते असंही नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडं आणि आमच्या चोपडा-यावलच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णालाही नेमकी घोट्याजवळ जखम होते. तरुण वय, अंगात रक्त कमी, सांधे दुखतात आणि घोट्याला जखम, असं असेल तर आधी सिकलसेलची तपासणी. शुगरची जखम बहुधा तळव्याला किंवा बोटांना होते. धमनी अरुंद झाली असेल तर पाय गार पडतो, चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं. असा पाय पट्टीनं घट्ट बांधला तर उलट नुकसान होतं.

दोन प्रसंगांत थांबायचं नाही. एक, फुगलेली नस फुटून रक्त उडायला लागलं तर. काटा लागून, कडबा घासून असं होतं. माणूस घाबरून उभा राहतो, रक्त आणखी जोरात येतं. तिथंच आडवं व्हायचं, पाय छातीपेक्षा उंच धरायचा, स्वच्छ फडका ठेवून बोटांनी दहा मिनिटं दाबून ठेवायचं. वर मांडीला दोरी बांधायची नाही. थांबलं तरी त्याच दिवशी दवाखाना. दुसरा, एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून कडक झाली तर: खोल शिरेत गुठळी असू शकते. त्यात दम लागला, छातीत दुखलं तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. असा पाय तेल लावून चोळायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

दुसरी पायरी: उभं राहून डॉप्लर

इथं माझा स्वतःचा अनुभव सांगतो. तालुक्याच्या एका मोफत शिबिरात माझा पाय झोपवून तपासला, दोन मिनिटं मशीन फिरवलं आणि "एस.एफ.जे. खराब, लेझर पॅकेज घ्या" असा कागद हातात दिला. पुढं दुसऱ्या ठिकाणी उभं करून, पोटरी दाबून-सोडून, अर्धा तास तपासणी झाली तेव्हा कळलं की जांघेतला संगम गळका आहे हे खरं, पण गुडघ्याच्या खाली एक परफोरेटरही गळतोय. शिबिराच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. तो राहिला असता तर पोटरीतल्या गाठी तशाच राहिल्या असत्या आणि मी लेझरला शिव्या दिल्या असत्या.

झोपल्यावर शिरा रिकाम्या होतात, गळती दिसत नाही. म्हणून उभं राहूनच. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती वेळ उलटं जातं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे झडप गेली. रिपोर्टमध्ये तो 'रिफ्लक्स' म्हणून लिहिलेला असतो आणि झडपेला 'इनकॉम्पिटंट' म्हणतात.

रिपोर्ट हातात आला की पाच गोष्टी शोधा. खोल शिरा मोकळ्या आहेत का, जुनी-नवी गुठळी आहे का? हे सगळ्यांत आधी, कारण खोल शीर बुजलेली असेल तर फुगलेली शीर हाच रक्ताचा आडमार्ग असू शकतो आणि तो बंद करणं अंगाशी येतं. मग एस.एफ.जे. गळतोय का. ग्रेट सॅफेनस किती मिलिमीटर रुंद आहे, सरळ आहे की वेडीवाकडी, कातडीपासून किती खोल. स्मॉल सॅफेनसचं काय. आणि परफोरेटर किती, घोट्यापासून किती उंचीवर. हाच तुमच्या पायाचा नकाशा. एवढं नसलेला रिपोर्ट घेऊन ऑपरेशन टेबलावर चढू नका.

कापून ऑपरेशन कसं होतं

पद्धत जुनी आहे. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला शीर वरती बांधायची युक्ती काढली, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत शीर ओढून काढायच्या तारा आल्या. म्हणून फाइलवर अजूनही 'ट्रेंडेलेनबर्ग विथ स्ट्रिपिंग' असं लिहिलेलं दिसतं.

बहुधा कमरेतून भूल देतात, काही वेळा पूर्ण. जांघेत तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन संगमाजवळ शीर आणि तिला मिळणारे फाटे बांधतात. शिरेत तार घालून ती गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ओढून काढतात. त्याच्या खाली काढत नाहीत, कारण तिथं शिरेला चिकटून सॅफेनस नावाची संवेदनेची नर्व्ह जाते. ती दुखावली तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. दादाच्या वेळी शीर घोट्यापर्यंत काढली, आणि आज चौदा-पंधरा वर्षांनीही त्याला तिथं चप्पलचा पट्टा लागलेला कळत नाही. काम अडत नाही त्याचं, पण विचारलं की सांगतो. शेवटी पोटरीतल्या गाठी दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक छेदांतून आकड्यानं ओढून काढतात.

एखादी रात्र मुक्काम, आठ-दहा दिवसांनी टाके, कामावर जायला दोन-तीन आठवडे. हे वरवरचं गणित झालं. खान्देशात त्यात उन्हाळा मिळवायचा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना जांघेतली जखम घामानं ओली राहते, आणि ऑपरेशनची जखम चिघळते ती बहुतेक तिथंच. दादाचं मार्चअखेर झालं होतं. पू झाला, ड्रेसिंग पंधरा दिवस लांबलं, केळीची कापणी वहिनीनं उरकली. कापूनच करायचं असेल आणि हातात वेळ असेल तर दिवाळीनंतरचे महिने निवडा. बागेत चिखल-पाण्यात जायचं असेल तर टाके निघून जखम कोरडी होईपर्यंत नाही.

लेझर कसं होतं

लेझर म्हणजे बाहेरून प्रकाश मारून नस गायब करतात, असा एक समज आहे. तसं नाही. गुडघ्याजवळ किंवा त्याच्या खाली, डॉप्लरवर बघत, सुईनं शिरेत शिरतात. त्यातून काचतंतूची बारीक फायबर वर सरकवत जांघेतल्या संगमाच्या साधारण दोन सेंटिमीटर अलीकडं थांबवतात. मग शिरेच्या भोवती, अख्ख्या लांबीला, सलाइनमध्ये कालवलेलं भुलीचं औषध टोचतात. याला ट्युमेसंट भूल म्हणतात. ती तीन कामं करते: बधिर करते, शीर आवळून फायबरला चिकटवते आणि आजूबाजूच्या कातडीला व नर्व्हला उष्णतेपासून वाचवते. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला कौशल्याचा भाग हाच आहे. मशीन सगळ्यांची सारखी चालते, हे पाणी नीट भरणारा हात मात्र सगळ्यांचा सारखा नसतो.

डोळ्यांना गॉगल लावतात, लेझर चालू करून फायबर हळूहळू मागं ओढतात. शीर आतून भाजून आक्रसते आणि बंद होते, पुढच्या महिन्यांत शरीर तिला जिरवून टाकतं. पाऊण-एक तासात मी टेबलावरून उतरून चालत बाहेर आलो. १४७० नॅनोमीटरचं मशीन आणि चहूबाजूंनी किरण टाकणारी 'रेडियल' फायबर असेल तर जुन्या ८१०-९८० च्या मशीनपेक्षा दुखणं आणि निळेपणा कमी असतो. विचारायला हरकत नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते. पहिले दोन-तीन दिवस मी खूश होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी मांडीच्या आत तार ताणल्यासारखं झालं, पाय सरळ करताना ओढ बसायची. घाबरून फोन केला. हे अपेक्षितच असतं, आक्रसणारी शीर ओढते, आठवड्या-दीड आठवड्यात जातं. दुसरी गोष्ट: लेझर फक्त सरळ मुख्य शिरेला चालतं. पोटरीतल्या वेड्यावाकड्या गाठींत फायबर शिरतच नाही. त्या एकतर त्याच वेळी बारीक छेदांतून काढतात, किंवा महिना-दोन महिन्यांनी फोमचं, म्हणजे शीर आतून बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाचं, इंजेक्शन देतात, किंवा दाब गेल्यावर आपोआप बसतात का ते बघतात. म्हणजे 'लेझर' घेतलेल्या पायालाही बऱ्याचदा थोडं कापलेलं असतं. 'एकही छेद नाही' अशी जाहिरात वाचलीत तर गाठींचं काय करणार ते विचारा.

मग चांगलं कुठलं

अगदी सरळ उत्तर द्यायचं तर, शीर बंद होण्याच्या बाबतीत दोन्ही तुल्यबळ आहेत. फरक बरं होण्याच्या वाटेत आहे. ब्रिटनमध्ये 'क्लास' नावाची चाचणी झाली: ७९८ रुग्ण, तीन गट, लेझर, फोम आणि ऑपरेशन. २०१४ साली सहा महिन्यांचे निष्कर्ष आले. प्रक्रियेशी निगडित गुंतागुंत लेझर गटात १ टक्का, फोममध्ये ६, ऑपरेशनमध्ये ७. पाच वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा लेझर आणि ऑपरेशनवाल्यांचे पाय फोमवाल्यांपेक्षा बरे होते. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं २०१३ मध्येच क्रम लावून दिलाय: आधी उष्णतेनं शीर बंद करणं, म्हणजे लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. ते जमत नसेल तर फोम. तेही जमत नसेल तर ऑपरेशन.

त्रास पुन्हा उलटणं दोन्हींत घडतं. ऑपरेशननंतर जांघेत बांधलेल्या टोकाजवळ नव्या बारीक शिरा फुटतात, लेझरनंतर बंद केलेली शीर काही जणांत पुन्हा उघडते. शिवाय पायातली दुसरी एखादी चांगली शीर पुढच्या दहा वर्षांत गळायला लागली तर त्यात दोघांचाही दोष नाही. 'गॅरंटी' देणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

लेझरचे धोके कमी आहेत, शून्य नाहीत. कातडी भाजणं, डाग, नर्व्हला चटका आणि गुठळी खोल शिरेत सरकणं. शेवटचं विरळ असतं, पण म्हणूनच काही दिवसांत पुन्हा डॉप्लर करून बघतात. ती चुकवू नका, पाय कितीही हलका वाटला तरी. स्मॉल सॅफेनसच्या वेळी नर्व्ह अगदी शेजारी असते, तिथं अनुभवी हात हवा.

आणि कापूनच करणं शहाणपणाचं कधी? शीर इतकी वेडीवाकडी की फायबर पुढं जात नाही. शिरेत जुनी गुठळी धरून आतून अडथळे झालेत. शीर कातडीला इतकी लागून आहे की भाजायची भीती. किंवा तुमच्या आवाक्यात जे केंद्र आहे तिथला सर्जन ऑपरेशनमध्ये मुरलेला आहे आणि लेझरवाला महिन्यातून एकदा बाहेरून येतो, प्रश्न आला तर फोनही उचलत नाही. हे शेवटचं पुस्तकात सापडणार नाही, पण शहाद्याच्या किंवा धडगावच्या माणसाला ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. चांगलं केलेलं ऑपरेशन घाईघाईत केलेल्या लेझरपेक्षा कधीही बरं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. रेडिओफ्रिक्वेन्सी ही लेझरची सख्खी बहीण, उष्णता वेगळ्या तऱ्हेनं देते, दुखणं थोडं कमी, निकाल जवळपास तेच. ग्लू म्हणजे शीर चिकटवायचं रसायन. भोवतीनं भूल टोचावी लागत नाही, पण महाग, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. फोम गाठींसाठी आणि म्हाताऱ्या, भूल न झेपणाऱ्या माणसांसाठी चांगला, मोठ्या शिरेत तो टिकाऊ नाही. डायोस्मिनच्या गोळ्या मी रोज विकतो. जडपणा, सूज यांत आराम देतात, गळकी झडप दुरुस्त करत नाहीत.

गरोदरपणात फुगलेल्या शिरांना हात लावायचा नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या बऱ्याचशा ओसरतात, तोवर मोजे वापरावेत.

पैशाचं

लेझर महाग पडतं त्याचं मोठं कारण फायबर. ती एका रुग्णासाठी एकदाच वापरायची असते. म्हणून कोटेशन घेताना लेखी विचारा: फायबर नवी, सीलबंद आहे का आणि तिची किंमत धरली आहे का? गाठी काढणं त्यातच आहे की वेगळं? नंतरची डॉप्लर, मोजे, फोम लागला तर तो? एका पायाचा भाव आहे की दोन्हींचा? दोन दवाखान्यांचे आकडे सारखेच दिसतात, पण एकात गाठी धरलेल्या नसतात, आणि मग स्वस्त वाटलेलं महाग पडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड, आधार आणि डॉप्लर घेऊन त्याच्याकडं जा आणि नेमकं विचारा: यादीत कुठली प्रक्रिया बसते, कापून की लेझर, आणि या हॉस्पिटलला ती मंजूर आहे का. "योजनेत होतं" एवढ्या तोंडी शब्दावर भरती होऊ नका. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे, तसंच जळगाव आणि नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिन्हींना सर्जरी विभाग आहे. निदान आणि दुसरं मत घ्यायला तिथं आधी जाऊन यावं, भले पुढं कुठंही करा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी बघा. बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्सला पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही. आणि डॉक्टरांच्या पत्रावर सी-३, सी-४ असा टप्पा, सूज, दुखणं, डाग हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर 'सौंदर्योपचार' म्हणून फाइल परत येते.

मोजे, ऊन आणि गाडी

हा माझा रोजचा धंदा, म्हणून जरा बोलू द्या. मोजे घ्यायचे तर सकाळी, सूज चढायच्या आत, घोटा, पोटरी आणि मांडी मोजून. बुटाच्या नंबरावर देणाऱ्याकडून घेऊ नका. क्लास-२ म्हणजे घोट्याला साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब. शुगर असेल, सिगारेट-बिडी असेल, पाय गार पडत असेल तर आधी पायाच्या धमनीचा दाब तपासून घ्या. घोट्याचा दाब हाताच्या दाबाच्या ०.८ पटीपेक्षा कमी निघाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजे चढवायचे नाहीत.

घालायचे अंथरुणातून उठण्याआधी, काढायचे झोपताना. टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल, मग वर. पायाला थोडी पावडर, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, म्हणजे नखं लागत नाहीत आणि पकड येते. बायांनी जोडवी आणि पैंजण आधी उतरवावेत, त्यात धागा अडकून शंभरातले निम्मे मोजे माझ्या दुकानात फाटून परत आलेत. दोन जोड ठेवा, साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा, सहा महिन्यांत पकड जाते.

प्रक्रियेनंतर किती दिवस घालायचे यावर मतभेद आहेत. 'नाइस' म्हणते सात दिवसांपेक्षा जास्त गरज नाही, आपल्याकडं बरेच डॉक्टर महिना-दीड महिना सांगतात. पाय सुजत असेल, दिवसभर उभं राहायचं असेल तर जास्त दिवस घालण्यात अर्थ आहे. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मांडीपर्यंतचा मोजा लावायला सांगणं मात्र त्याला तो फेकायला सांगण्यासारखं आहे. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा चालेल का असं सरळ विचारा, पुष्कळदा चालतो.

खान्देशातला माणूस लेझरसाठी सुरत, नाशिक, इंदूर, मुंबई गाठतो आणि त्याच दिवशी परत निघतो. तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं हे गुठळीला आमंत्रण. शक्य असेल तर एक रात्र तिथं राहा. निघालातच तर रेल्वेनं निघा, तासाला उठून डब्यात फेरी मारा. बस किंवा जीप असेल तर दर तासा-दीड तासानं उतरून चालायचं, बसल्या जागी टाचा-पंजे हलवत राहायचं, पाणी पीत राहायचं. घरात आधी कुणाला गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हे प्रक्रियेच्या आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद करू नका.

घरी आल्यावर पलंगावर पडून राहायचं नाही. त्याच दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा चालायचं. टाळायचं काय, तर दोन आठवडे केळीचा घड खांद्यावर, पोत्याची थप्पी, आणि जोर लावून उभं राहणं.

दादाचा उजवा पाय आता फुगायला लागलाय. यावेळी त्यानं लेझर-ऑपरेशनचा विषयच काढला नाही. परवा दुकानात आला, काउंटरवर टोपी ठेवली आणि म्हणाला, "उभं करून तपासणारा कोण आहे जळगावात, तेवढं सांग." नंबर लावलाय, येत्या मंगळवारी जातोय. बागेतला माल त्याआधी उतरवून घ्यायचा आहे, म्हणून वहिनी सध्या माझ्यावर जरा रागावलेली आहे.